या ना एकदा निवांत

‘या ना एकदा निवांत’ हे वाक्य पाहुणे दारात चपला घालत असताना म्हणायचं असतं. म्हणणाराही ते विसरतो आणि ऐकणाराही. आमचे हे बँकेतून निवृत्त झाले आणि त्यांनी अशी सगळी जुनी आमंत्रणं थकीत कर्जासारखी वसूल करायला काढली. एप्रिलमध्ये रत्नागिरीला पुतण्याकडे, मे महिन्यात नागपूरला माझ्या नणंदेकडे आणि मग नातवंडं आमच्याकडे पुण्यात, असा बेत ठरला.

“मे महिन्यात नागपूर?” मी विचारलं.

“गर्दी नसते,” हे म्हणाले. ते पुढे शब्दशः खरं ठरलं.

रत्नागिरीला एसटीने जायचं हे ह्यांनी खर्चाचा कागद मांडून सिद्ध केलं. एसटीत बायकांना १७ मार्च २०२३ पासून निम्मं भाडं आहे. कंडक्टरने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि तिकीट फाडलं. बाई आहे एवढं पुरतं, वय कोणी विचारत नाही. (म्हणून ते इथेही येणार नाही.) ह्यांना मात्र आपण पासष्टीच्या पुढचे आहोत हे आधार कार्ड काढून दाखवावं लागलं. पाकिटातून पॅन कार्ड निघालं, वाचनालयाचं कार्ड निघालं, आधार सगळ्यात शेवटी. “दोन हाफ, म्हणजे एका तिकिटात दोघं,” असं ह्यांनी मला आणि मागच्या दोन रांगांना ऐकवलं. पण पुढच्या सीटवरच्या आजोबांना चक्क शून्य रुपयांचं तिकीट मिळालं. पंच्याहत्तरीच्या पुढे २०२२ पासून एसटी फुकट आहे. ह्यांनी ते तिकीट मागून घेतलं, चष्मा लावून दोन्ही बाजूंनी वाचलं आणि अदबीनं परत केलं. लोक वय लपवतात. आमच्याकडे पंच्याहत्तरीचे वेध लागले आहेत.

रत्नागिरीत सूनबाईने हातात पाण्याचा तांब्या देतानाच गोड आवाजात विचारलं, “काका, रविवारपर्यंत आहात ना?”

“बघू,” काका म्हणाले.

‘बघू’ ऐकून कोकणातला माणूसही फिका पडू शकतो, हे मी त्या दिवशी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी पुतण्या आम्हाला थिबा राजवाडा दाखवायला घेऊन गेला. तो सोमवार होता. राजवाड्यातलं संग्रहालय सोमवारी बंद असतं. पुतण्या रोज त्याच रस्त्याने ऑफिसला जातो, पण फाटकाच्या आत तो कधी गेलेला नव्हता. सूनबाईचं तर माहेरच रत्नागिरीचं. “आमचं काय, केव्हाही बघता येईल म्हणून राहिलं,” ती म्हणाली. मंगळवारी ती दोघंही पहिल्यांदाच आत आली आणि राजवाडा दाखवायचं काम ह्यांच्याकडे आलं.

थिबा हा ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा. इंग्रजांनी त्याला १८८५ मध्ये गादीवरून उतरवलं, पुढच्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवलं आणि १९१६ मध्ये तो इथेच वारला. त्याचं नाव लागलेला हा राजवाडा बांधून झाला १९१० मध्ये.

“म्हणजे पझेशन चोवीस वर्षांनी!” ह्यांच्यातला गृहकर्ज विभाग जागा झाला. “आणि राहायला मिळाली सहा वर्षं.”

सूनबाई मात्र दुसराच हिशेब करत होती. “पाहुणा म्हणून आला आणि तीस वर्षं राहिला?” तिने विचारलं आणि काकांकडे पाहिलं. हे तेव्हा गॅलरीतून भाट्याची खाडी पाहत म्हणत होते, “जागा छान आहे हो. इथून हलावंसं वाटत नाही.” शनिवारच्या परतीच्या गाडीचं बुकिंग पुतण्याने त्याच रात्री करून आणलं, तेही खिडकीजवळचं.

निघताना स्टीलचा डबा भरून फणसपोळी मिळाली. हा डबा आमच्या घराण्यात फिरता आहे. रिकामा परत करायचा नाही या नियमामुळे तो कधी कुणाकडे टिकत नाही. झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलंय, ‘मुंज, १२-५-८७’. मुंज नेमकी कुणाची, हे आता कुणालाच सांगता येत नाही.

तो घेऊन आम्ही नागपूरला गेलो, रेल्वेने. ज्येष्ठांची रेल्वेतली सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली. ह्या विषयावरचं ह्यांचं भाषण दौंडला सुरू झालं आणि मनमाडला वरच्या बर्थवरचा मुलगा कानात बोळे घालून झोपला.

नागपुरात पारा पंचेचाळीसला होता. दुपारभर दारं-खिडक्या बंद आणि कूलर चालू. त्याची टाकी भरायचं खातं नंदावोईंनी पहिल्याच दिवशी ह्यांच्याकडे सोपवलं. बँकेत कधी ओव्हरटाइम न केलेला माणूस दर दोन तासांनी बादली घेऊन उठू लागला. मी झीरो माईल पाहायचा विषय काढला, तर नंदावोई म्हणाले, “तिथं काय पाहता वहिनी? चार घोडे अन् एक खांब!”

तरी सकाळी सहाला आम्ही निघालो. हे डोक्याला पंचा गुंडाळून आणि नणंदेने दिलेला कांदा खिशात ठेवून. पाहतो तर खरंच चार दगडी घोडे आणि एक खांब. ब्रिटिशांच्या मोजणी खात्याची ही खूण देशाचा मध्य मानली जाते. दगडावर हैदराबाद, जबलपूर अशा गावांची अंतरं मैलांत कोरलेली आहेत. ह्यांनी दोन फेऱ्या मारल्या, पण पुणं सापडलं नाही. पुण्याला न विचारता देशाचा मध्य ठरवता येतो, हे त्यांना अजून पटलेलं नाही. नंदावोईंनी मात्र त्या खांबापुढे सेल्फी काढला. उभा जन्म नागपुरात गेला, पण गाडीतून उतरून ते तिथे पहिल्यांदाच उभे राहिले होते.

डबा संत्रा बर्फीने भरून परतलो आणि नातवंडं आली. त्यांना पेशवे उद्यानात फुलराणीत बसवलं. ही छोटी आगगाडी १९५६ सालची, म्हणजे ह्यांच्याहून थोरली. पण एका दमात फेरी पूर्ण करते आणि गुडघ्यांबद्दल बोलत नाही. केळकर संग्रहालयात धाकटीने अडकित्त्यांपुढे उभं राहून विचारलं, “आजी, एवढे नटक्रॅकर कशाला?” आजीला उत्तर आलं नाही. एवढे अडकित्ते तिनेही आजच पाहिले होते.

त्या रात्री रत्नागिरीहून सूनबाईचा फोन आला. “काकू, शाळा सुरू व्हायच्या आत आम्ही तुमच्याकडे येतोय.”

“या ना. किती दिवस?”

“बघू,” ती म्हणाली.

तेव्हा वाचकहो, तुमचे कोणी नागपुरात असतील तर मे महिन्यात जरूर जा, झीरो माईलला तेवढं सकाळी सहाला निघा. रत्नागिरीला मात्र सोमवार सोडून जा, आणि परतीचं तिकीट पोचल्या पोचल्या सूनबाईला दाखवा.