हाताळायचं नाही असं हाताळणी-साहित्य

बेळगावातल्या एका शाळेत आता झाडं पेटीतून शिकवतात. पेटीत लॅमिनेट केलेली पानं, सालींचे तुकडे, चिंचोके आणि एक भिंग. झाकणावर 'हाताळून शिका' असं छापलंय, पोरांनी हात घातला की बाई ओरडतात, "खराब होईल!" वर्गाच्या खिडकीतून फणसाची फांदी आत डोकावते. तिच्याकडं बघणाऱ्याला विचारतात, "लक्ष कुठंय?"

मग भाषेचा घोळ. घरी ती चिंच, बागेतल्या पाटीवर हुणसे, परीक्षेत टॅमरिंड. 1956 पासून गाव कुणाचं हे ठरेना, तिथं झाडाचं काय घेऊन बसलात! कडुनिंब तेवढा शहाणा. बेवु म्हणा नाहीतर निंब, कडूच लागतो.

एक पोरगं धीट निघालं. "बाई, आपलं गाव म्हणजे जुनं वेणुग्राम ना? मग वेळूचं कार्ड कुठाय?" बाईंनी यादी पाहिली. नव्हतं. वेळू हे झाडच नव्हे, शास्त्राप्रमाणं ते गवत! 2014 साली बेळगावचं बेळगावी झालं, गवत मात्र गवतच राहिलं.

त्या पोराची आजी निपाणीची. जन्मभर विड्या वळलेल्या. भिजवलेलं तेंदूचं पान पत्र्याच्या मापानं कातरताना कुठलं चिवट, कुठलं फाटणार, हे तिची बोटंच सांगायची. (झाड तिनंही पाहिलेलं नाही; पाला पोत्यातून यायचा.) नातवानं पेटीतलं पान दाखवलं. तिनं ते उलटंपालटं केलं, हुंगलं आणि म्हणाली, "ह्येचं वळायचं काय रं?"