ठकीच्या पैशाला हात लावायचा नाही

आमच्या घरात ठकीच्या नावाने पैसे ठेवायला जागा चिकार आहेत. काढायला एकही नाही. ठकी तीन वर्षांची. तिचं कॉलेज सुरू व्हायला अजून पंधराएक वर्षं आहेत, पण त्यावरून होणारी भांडणं आम्ही आत्ताच उरकून घेतोय.

या सगळ्या व्यवहारात ढिली बँक एकच, ती म्हणजे मी. पाहुणे निघाले की उंबऱ्यात एक ठरलेला प्रवेश होतो. चपला घालता घालता मावशी पर्स उघडतात. मी "अहो मावशी, कशाला? लहान आहे ती" असं म्हणत दोन पावलं मागे सरते, म्हणजे मध्ये कुठे येत नाही, आणि पन्नासची नोट ठकीच्या मुठीत जाते. "खाऊ घे हं." ठकी नोटेचा वास घेते, जरा चाटून बघते आणि हा खाऊ नव्हे हे तिच्या तिथेच लक्षात येतं. दार लागलं की मी म्हणते, "दे, आई ठेवते हं तुझ्यासाठी." माझ्या आईनेही मला हेच सांगितलं होतं. माझ्या लहानपणीच्या त्या नोटांचं काय झालं, असं मागच्या दिवाळीत तिला विचारलं तर म्हणाली, "तुझं बी.एड. कुणी केलं?" हिशेब मिटला.

पण ठकीच्या नोटा बी.एड.पर्यंत पोचायची चिन्हं दिसेनात. पन्नासची नोट पर्समध्ये जायची, दुसऱ्या दिवशी मेथी-कोथिंबिरीच्या रूपाने घरी यायची. सासूबाईंनी दोन-तीनदा मेथीकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने पाहिलं आणि माझा परवाना रद्द केला.

आता खाऊच्या नोटा थेट त्यांच्याकडे जातात. त्यांची बँक तांदळाच्या कोठीत आहे. हळदीकुंकवाला वाण म्हणून मिळालेला स्टीलचा डबा, त्याला रबर, त्यावर प्लॅस्टिकची पिशवी, तिला पुन्हा रबर आणि हे सगळं इंद्रायणीत कोपरापर्यंत हात घालून पुरलेलं. व्याज शून्य. पण मुद्दल जगात कुणालाही मिळत नाही. एकदा गॅसवाला दारात उभा, माझ्याकडे सुटे नाहीत. म्हटलं, "आई, डब्यातले शंभर द्या, संध्याकाळी ठेवते परत." त्या म्हणाल्या, "ते ठकीचे आहेत." म्हटलं, "हो, पण परतच ठेवणार आहे ना." त्या म्हणाल्या, "तुझ्या सासऱ्यांनी 1991 साली असंच म्हटलं होतं." गॅसवाल्यालाही ते पटलं असावं. पुढच्या खेपेला द्या म्हणाला आणि गेला.

डबा भरला की सासूबाई सराफाकडची भिशी लावतात. अकरा हप्ते आपले, बारावा सराफाचा, मग सोनं. "शिकली तर फीला होईल, नाही शिकली तर गळ्यात घालेल," हे त्यांचं धोरण. यावर सासरे म्हणजे बाबा दर वेळी घडणावळ आणि 3 टक्के जीएसटी यांवर बोलतात. सासूबाई त्यांना पूर्ण बोलू देतात आणि मग वाढायला घेतात.

बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. त्यामुळे थेंबे थेंबे तळे साचायला किती वर्षं लागतात आणि मध्ये गळती किती होते, याची त्यांना आकड्यांसकट कल्पना आहे. त्यांचा विश्वास पोस्टावर. 1988 साली किसान विकास पत्र निघालं तेव्हा साडेपाच वर्षांत दामदुप्पट व्हायची, हे सांगताना त्यांचा आवाज अजूनही हलतो. आता त्याच पत्राला 115 महिने लागतात. दामदुप्पटीचा हिशेब ते तोंडी करतात: 72 ला व्याजदराने भागा, येतील तितकी वर्षं. पाहुण्यांची मुलंही या भागाकारातून सुटत नाहीत.

ठकीच्या बारशाच्या आहेराची पाकिटं फोडली, त्याच आठवड्यात बाबांनी तिचं सुकन्या समृद्धीचं खातं काढलं. तशी ही योजना 22 जानेवारी 2015 ला पानिपतात सुरू झाली. मराठी माणसाने जिथे एवढं गमावलं तिथे सुरू झालेल्या योजनेत पैसे घालायचे का, यावर बाबांनी काही दिवस विचार केला म्हणतात. मग व्याजदर वाचला आणि 1761 विसरले. सुरुवातीला 9.1 टक्के होतं, पुढच्या वर्षी 9.2, 2020 मध्ये घसरून 7.6 वर आलं, जानेवारी 2024 पासून 8.2. दर तिमाहीला सरकार दर जाहीर करतं. त्या दिवशी बाबा पेपर नेहमीसारखा मागच्या पानावरून नव्हे, मधूनच उघडतात.

खात्याचे नियम त्यांना रामरक्षेसारखे पाठ आहेत. वर्षाला किमान 250 रुपये, कमाल दीड लाख. पंधरा वर्षं भरायचे, एकविसाव्या वर्षी खातं पिकणार. एखादं वर्ष चुकलं तर 50 रुपये दंड. आम्ही महिन्याला 500 भरतो. दर हाच राहिला तर शेवटी पावणेतीन लाखांच्या वर जातात. आमचे एक नातेवाईक वर्षाला नेमके 250 भरतात आणि चारचौघांत "आम्ही पण सुकन्या केलंय" म्हणतात. बाबांनी त्यांचाही हिशेब करून ठेवलाय. एकवीस वर्षांनी साधारण बारा हजार येतील. "वह्यांचं भागेल," म्हणाले.

खरी मजा पाच तारखेची. पाच तारखेपासून महिनाअखेरपर्यंत खात्यात जी सगळ्यात कमी शिल्लक असेल, तिच्यावर त्या महिन्याचं व्याज धरतात. म्हणजे सहा तारखेला भरलेल्या पैशाचा तो महिना फुकट गेला. म्हणून बाबा चार तारखेला पोस्टात. 500 रुपयांचं एका महिन्याचं व्याज होतं साडेतीन रुपयांच्याही आत, आणि ते वाचवायला बाबा जाता-येता मिळून ऐंशी रुपयांची रिक्षा करतात. मी एकदा हे हळूच निदर्शनास आणून दिलं. ते म्हणाले, "रिक्षा माझ्या पेन्शनमधून, व्याज ठकीचं. दोन्ही खाती वेगळी." सरकारी नोकरीत आयुष्य गेलेल्या माणसाशी लेखाशीर्षांवरून वाद घालू नये.

गेल्या महिन्यात मीही त्यांच्याबरोबर गेले. पासबुक साडीच्या दुकानातल्या प्लॅस्टिकच्या कव्हरात, कव्हर कापडी पिशवीत, पिशवी छातीशी. काउंटरवर दोऱ्याने बांधलेलं पेन होतं; दोरा इतका आखूड की सही करायला माणसाने नमस्काराला वाकावं तसं वाकायचं. बाबांनी स्लिप घरूनच भरून आणली होती, तरी आकडे पुन्हा एकदा गिरवले. रांगेत पुढे तीन आजोबा, दोन आज्या. सगळे चार तारखेवाले. काउंटरवरच्या ताई म्हणाल्या, "आजोबा, आता मोबाइलवरून भरता येतात की. कशाला हेलपाटे घालता?"

"मोबाइलवरून भरता येतात, म्हणजे मोबाइलवरून काढताही येतील," बाबा म्हणाले.

"नाही ओ, काढता नाही येत."

"आज नाही येत."

मागच्या आजी म्हणाल्या, "बरोबर बोलले."

त्या दिवशी रांगेत उभं राहून मला आमच्या घराचं अर्थशास्त्र उलगडलं. पैशावर लेख लिहिणारे गुंतवणूक बघतात. आमच्याकडे अडवणूक बघतात. पैसे किती वाढतील हा नंतरचा प्रश्न. आधी बघायचं, ते आपल्यापासून किती लांब राहतील. शिस्त वगैरे सगळं ऐकायला ठीक. पैसा टिकतो तो काढायच्या कंटाळ्याने. मातीच्या गल्ल्याला वरून फट असते, खाली बूच नसतं. ज्या कुंभाराने तो पहिल्यांदा घडवला त्याला माणूस पुरता कळलेला होता. नंतर कुणीतरी चावीचे गल्ले काढले आणि पोरांच्या आयांचं फावलं.

माझ्या नवऱ्याचं हार्डवेअरचं छोटं दुकान आहे. त्याची श्रद्धा पिग्मीवर. आमच्या सांगलीकडे पिग्मी हा शब्द इतका मुरलाय की तो तिखट-मिठाबरोबरच जन्माला आला असं वाटतं. मूळ तिकडचं, उडुपीचं. डॉ. टी. एम. ए. पै आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1925 साली तिथे बँक काढली, तीच पुढची सिंडिकेट बँक. आणि 1928 साली रोज दोन आणे घरी येऊन गोळा करायची योजना आणली. ती बँक 2020 मध्ये कॅनरा बँकेत विलीन झाली, पिग्मी मात्र पतसंस्थेच्या नावाने आमच्या गल्लीत रोज संध्याकाळी सातला येते. पिग्मीकाका स्कूटर स्टँडवर लावतात, खांद्याच्या पिशवीतून छोटं मशीन काढतात, नवरा गल्ल्यातले वीस रुपये काढून देतो, मशीन क्रर्र करून बोटभर पावती ओकतं. दुकानात गिऱ्हाईक फिरकलं नाही त्या दिवशीही काका येतात. त्यांना नाही म्हणायला जीभ रेटत नाही, हेच पिग्मीचं तारण. वर्षाकाठी सहा-सात हजार होतात. वर्षाच्या आत मोडली तर व्याज नाही, वर थोडे कापून घेतात. वर्ष भरलं की बाबा ती रक्कम उचलून सुकन्येत नेऊन टाकतात, कारण बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत विमा आहे आणि पतसंस्थेतल्या ठेवीला तो लागू नाही, हे त्यांनी जेवताना आम्हाला पुरेशा वेळा सांगितलंय. याबाबतीत मी पूर्णपणे बाबांच्या बाजूची आहे. पिग्मी गोळा करायला उत्तम, मुरवायला नव्हे.

या सगळ्या तटबंदीची परीक्षा झाली ती मार्चमध्ये. आमचा सोळा वर्षांचा फ्रीज बसला. आदल्या रात्रीचं आंबोळीचं पीठ सकाळी दार उघडून स्वतःच बाहेर आलं होतं. नवऱ्याने पहिला मोर्चा पिग्मीकडे वळवला, अकरावा महिना चालू होता, काकांनी नुसतं "मालक, एका महिन्यासाठी?" एवढंच विचारलं. मग बाबांकडे. बाबांनी पासबुक न उघडता तोंडीच सांगितलं: मुलगी अठरा वर्षांची झाली किंवा दहावी पास झाली, तरच शिक्षणासाठी पैसे निघतात, तेही मागच्या आर्थिक वर्षाअखेरच्या शिलकीच्या निम्म्यापर्यंत, तेही प्रवेशाचा कागद दाखवून, फी असेल तेवढेच. "फ्रीजला प्रवेश कुठे मिळालाय?" त्यांनी विचारलं. पूर्वी हे खातं मुलीला दहाव्या वर्षापासून स्वतः चालवता यायचं, 2019 च्या नियमांनी ते वय अठरा केलं. दहा वर्षांची ठकी पोस्टात जाऊन सही करतेय, हे डोळ्यांसमोर आणलं की त्या नियमावलीबद्दल मला फार आदर वाटतो. सासूबाईंना विचारायला कुणी गेलंच नाही. फ्रीज शेवटी हप्त्यांवर आला.

आणि एवढं करून ज्या शिक्षणासाठी हे चाललंय, ते पंधरा वर्षं थांबायला तयारच नाही. ठकीला प्लेग्रुपला घातलं. तिथल्या वर्षभराच्या फीत माझं बी.एड. दोनदा झालं असतं, डबेही आले असते. वर गणवेश, ॲक्टिव्हिटी, आणि एका महिन्यात 'रेन डान्स'साठी वेगळे. त्या दिवशी बाहेर खरा पाऊस होता, म्हणून कार्यक्रम आत, पाइप लावून झाला. वर्षाच्या शेवटी पदवीदान समारंभ. काळा गाऊन, चौकोनी टोपी, दोन्हींचं भाडं वेगळं. ठकीने टोपीत पॉपकॉर्न घेतले आणि गाऊनवर सांडलेल्या सरबतासाठी आमची अनामत गेली. नवरा बाबांना म्हणाला, "पदवी मिळाली ना? मग आता सुकन्येतून निम्मे निघायला हरकत नसावी." बाबांनी प्रमाणपत्र चष्मा लावून नीट वाचलं. त्यावर शिक्का नव्हता.

म्हणजे पुढच्या फीसाठी आम्ही जे बाजूला काढतो, त्याच्या कितीतरी पट आत्ताच्या फीला जातात. हे गणित मी बाबांना दाखवलं. त्यांनी 72 ला कशाने तरी भागलं आणि गप्प बसले.

परवा शेजारच्या वहिनी आल्या होत्या. निघताना नोट काढायच्या आधी त्यांनी ठकीला मांडीवर घेऊन विचारलं, "मोठेपणी कोण होणार गं तू?" आम्ही सगळ्यांनी हातातली कामं थांबवली, भांडवल शेवटी आमचं होतं. बाबांच्या मनात सिव्हिल इंजिनिअरिंग आहे. सासूबाईंच्या मनात डॉक्टर, तेही गुडघ्यांची.

"पिग्मीकाका," ठकी म्हणाली.

कारण विचारलं. काकांना सगळे पैसे देतात, काकांकडे मशीन आहे, आणि काकांना कुणी "दे, मी ठेवते" म्हणत नाही.

बाबांनी पेपर खाली ठेवला. "वाईट नाही. पण त्याला शिक्षण किती लागतं?"

"दहावी-बारावी पुरे," नवरा एकदम टवटवीत होऊन म्हणाला. "म्हणजे एवढे पैसे लागणारच नाहीत! आई, त्या डब्यात किती आहेत गं? फ्रीजचे राहिलेले हप्ते एकदम..."

सासूबाई काही बोलल्या नाहीत. आदल्याच दिवशी तीस किलो गव्हाचं पोतं आलं होतं, ते तांदळाच्या कोठीवर ठेवून द्यायला त्यांनी त्यालाच हाक मारली.