नैरोबी व्हाया बोरिवली

तात्यांचा भाचा नैरोबीत नोकरीला आहे. त्याने राणीसावरगावला फोनवर एक फोटो धाडला : पुढे गवतात जिराफ आणि मागे काचेच्या उंच इमारती. तात्यांनी चष्मा पुसून पाहिलं आणि निकाल दिला, “जोडलेला हाय.”

मग भाच्याने फोन करून समजावलं. केनियाच्या या राजधानीला खेटूनच 117 चौरस किलोमीटरचं राष्ट्रीय उद्यान आहे, 1946 सालचं. तीन बाजूंना कुंपण, दक्षिणेची बाजू जनावरांना ये-जा करायला मोकळी. आत सिंह, गेंडे आणि त्यांच्या डोक्यावरून उंच पुलावरून धावणारी रेल्वे. लांगाटासारखी वस्ती कुंपणाला लागून, त्यामुळे एखादा सिंह मधूनच डांबरी रस्त्याला येतो. मुळात हे शहर 1899 मध्ये रेल्वेचा तळ म्हणून वसलं आणि तो लोहमार्ग घालायला हिंदुस्थानातून हजारो मजूर नेले होते.

“मंग आपलंच की,” तात्या म्हणाले. “तिकीट माफ पाहिजे आपल्याला.”

तिकीट माफ नव्हतं. विमानाचं भाडं ऐकल्यावर तात्यांनी फोन कानापासून हातभर लांब धरला. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ म्हणणाऱ्या माणसाला आफ्रिका हवी कशाला, असा मुद्दा काकूंनी काढला. मी म्हणालो, आपल्या राजधानीतही असं जंगल आहे, बोरिवलीला. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, 104 चौरस किलोमीटर.

“म्हणजे तेरा कमी,” तात्यांनी हिशेब केला. “चालवून घेऊ.”

राणीसावरगावहून गंगाखेड, तिथून परभणी आणि रात्रीची देवगिरी एक्स्प्रेस. आमच्या आरक्षित बाकावर पूर्णेपासून पाय पसरून आलेल्या गृहस्थांनी आम्हालाच “जरा सरका” म्हटलं, यापलीकडे त्या प्रवासात सांगण्यासारखं काही नाही. सकाळी दादरला उतरून बोरिवली लोकलमध्ये शिरलो. म्हणजे शिरवले गेलो. एका पायावर उभे असलेले तात्या कुणाच्या तरी काखेतून मला म्हणाले, “हितं वेगळा बिबट्या कशाला पाळलाय?”

उद्यानाच्या दारासमोरून हमरस्ता धडधडत जातो आणि आत पाऊल टाकलं की साग, बांबू, ऐन. बसने कान्हेरीला गेलो. खडकात कोरलेली शंभरावर लेणी आहेत. लोक चैत्यगृहातल्या बुद्धमूर्तींपुढे फोटो काढत होते. तात्या मात्र पाण्याच्या टाक्यांपाशी अडकले. इथे लेण्या-लेण्यापाशी खडकात खोदलेलं टाकं आहे आणि कातळावरून उतरणारं पावसाचं पाणी त्यात आणून सोडणाऱ्या पन्हळीही खडकातच कोरलेल्या. तात्यांनी एका पन्हळीवर बोट ठेवलं आणि ते तसंच फिरवत चढावर पार वरपर्यंत गेले. खाली येऊन म्हणाले, “उतार बरुबर काढलाय. हे भिक्षू आपल्या गावात असते, तर टँकरवाला उपाशी मेला असता.”

तेवढ्यात माकडांनी आमची शिदोरी पळवली. थोराड हुप्प्याने फडक्याची गाठ माणसासारखी सोडली, धपाटे काढून वाटले आणि ठेच्याची डबी उघडून, हुंगून, पुन्हा दगडावर ठेवून दिली. “मुंबईचं हाय,” तात्या म्हणाले. “तिखट सोसत नाही.”

परतताना उद्यानातले एक कर्मचारी बिबट्यांबद्दल सांगत होते. कॅमेरे लावून केलेल्या गणतीत पन्नासच्या आसपास भरलेत. रात्री कडेच्या वस्त्यांत उतरतात, भटकी कुत्री उचलतात, उजाडायच्या आत माघारी. भोवती लाखोंची वस्ती, पण बहुतेकांना पत्ताही लागत नाही.

“दोन आमच्याकडं धाडा,” तात्यांनी मागणी नोंदवली. “डुकरं लई माजलीत.”

ते कर्मचारी हसले नाहीत. एकीकडचा बिबट्या धरून दुसरीकडे सोडला की तो बिथरतो आणि भानगडी वाढतात, म्हणाले. 2004 च्या सुमारास इथे माणसांवरचे हल्ले फार वाढले, तेव्हा अभ्यासकांनी बाहेरून आणून सोडलेल्या बिबट्यांकडेच बोट दाखवलं होतं. तात्यांनी मागणी मागे घेतली.

दाराजवळ गर्दी दिसली म्हणून थांबलो. चितळं चरत होती. आया पोरांना उचलून दाखवत होत्या, एक बाप्या ‘शूऽऽ’ करून सगळ्यांना गप्प बसवत होता. तात्या बराच वेळ बघत राहिले. आमच्याकडे तुरीत हरणं आणि रोही घुसतात. तात्या थंडीत रात्र-रात्र जागल करतात, डबे बडवतात, तरी सकाळी शेंडे खुडलेलेच. मग पंचनामा, मग अर्ज, मग साहेब रजेवर.

“ह्याला पैशे देतेत?” त्यांनी विचारलं.

देतात. तेव्हा वाचकहो, बोरिवलीला जरूर जा, पण सोमवारी उद्यान बंद असतं हे ध्यानात ठेवा आणि शिदोरीची पिशवी हातातून सोडू नका. नुसती हरणंच बघायची असतील, तर तूर फुलोऱ्यात आल्यावर राणीसावरगावला या. तिकीट नाही, सोमवारची सुट्टी नाही, डबा आणि काठी तात्या देतील. जाताना नुकसानभरपाईचा अर्ज तेवढा भरून द्या.