बंपर फोडून वरातीत सामील झालेल्या सारथ्यास

श्री. रा. रा. अज्ञात सारथी यांस,

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, सरत्या लग्नसराईत पुण्यातल्या एका मंगल कार्यालयाबाहेर, सम-विषम तारखेची पाटी वाचून नीट कडेला लावलेल्या माझ्या गाडीस आपण स्नेहभेट दिलीत. मी आत पंगतीत होतो, त्यामुळे आपले स्वागत करायचे राहून गेले. समोरच्या झेरॉक्सच्या दुकानातल्या सीसीटीव्हीत मात्र आपले दर्शन घडले. अरुंद गल्लीत एका दमात गाडी वळवायचा तो आत्मविश्वास, मग धडक, मग खाली उतरून माझ्या बंपरवर टाकलेली ओझरती नजर आणि स्वतःच्या गाडीवरून मायेने फिरवलेला हात, सगळे स्वच्छ दिसते. नंबर तेवढा दिसत नाही, कारण पाटीवर झेंडूची माळ रुळत होती. बॉनेटवरच्या थर्माकोलच्या बदामात दोन नावे होती, तीही फुटेजमध्ये पुसट. पत्ता नसल्याने पत्र उघडेच धाडतो आहे.

‘जर्मन गाडी आहे, मालकाला काय कमी!’ असा विचार करून आपण निघालात, हे मी समजू शकतो. पण या कुबेराने ती गाडी जुन्या गाड्यांच्या बाजारातून, नव्या हॅचबॅकच्या भावात घेतली आहे. आलिशान गाडीची किंमत वर्षागणिक उतरते, पण तिचे वय सुट्या भागांना कुणी कळवत नाही. बंपर नव्या गाडीच्याच दराने येतो. पांढरा हत्ती स्वस्तात मिळतो, त्याचा चारा मिळत नाही.

‘प्लास्टिकच तर आहे,’ असेही आपण सोबतच्या मंडळींना म्हणाला असाल. बरोबर आहे. बाहेरून दिसते ती प्लास्टिकची सालच. तिच्यामागे धक्का जिरवणारा फोम, त्यामागे चासीला बोल्टने आवळलेली धातूची आडवी तुळई. सालीत पार्किंगचे सेन्सर बसवलेले आणि पुढच्या गाडीचे अंतर मोजणारा रडार खालच्या जाळीआड लपलेला. युरोपातल्या नियमानुसार बंपरची चाचणी होते ती समोरून ताशी 4 किलोमीटर आणि कोपऱ्यावर ताशी अडीच किलोमीटर वेगाने. आपण कोपराच निवडलात, वेग मात्र नियमाच्या मर्यादेत ठेवायला विसरलात.

शिवाय आपल्या गाडीला पुढे तो देखणा लोखंडी गार्ड आहे. असे गार्ड मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चा भंग करतात, कारवाई करा, असे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर 2017 मध्येच राज्यांना कळवले होते. या गार्डामुळे पादचाऱ्याच्या जिवाला धोका वाढतो आणि आतल्या माणसांचेही नुकसान होऊ शकते, हे कारण. पण आपल्या गाडीला ओरखडा नाही, म्हणजे गार्डाने आपल्यापुरते काम चोख बजावले.

आता उपचारांविषयी. नाना पेठेतला डेंटर म्हणाला, “साहेब, तडा गेलाय तिथं मागनं जाळी लावून वेल्डिंग मारतो, लांबी भरतो, रंग मारतो. कळणार पण नाही.” नुसता तडा असता तर मी त्याचेच ऐकले असते. सपाट जागेवरची चीर, ओरखडा, पोचा यांसाठी अख्खा बंपर बदलणे ही उधळपट्टीच. पण आपण बंपर गाडीला धरून ठेवणारे कान तोडलेत आणि सेन्सरची बैठकही उखडलीत. तुटलेले कान चिकटवले तर बंपर हेडलाइटपाशी फट दाखवत लोंबतो. सेन्सर किंवा रडारसमोर लांबीचा थर चढला तर त्यांना समोरचे नीट दिसत नाही. कुर्ल्याला काढीव बंपर मिळतो असेही सुचवण्यात आले, पण त्याचेही कान शाबूत हवेत, सेन्सरची भोके माझ्याच मॉडेलची हवीत आणि रंग पुन्हा मारायचाच. शेवटी नवा घेतला. त्यावर मेटॅलिक रंग आला, तो शेजारच्या पत्र्याशी जुळावा म्हणून धडधाकट फेंडरवरही रंगाची छटा ओढावी लागली आणि रडारचे कॅलिब्रेशन झाले. आपल्या एका वळणाने किती हातांना रोजगार दिला पाहा!

विमा आहे ना, म्हणाल. आहे. स्वतःच्या पॉलिसीवर क्लेम केला तर प्लास्टिकच्या भागावर सरसकट 50 टक्के घसारा कापतात. रंगकामाच्या एकत्रित बिलातला चौथा हिस्सा सामानाचा धरून त्याचाही निम्मा कापतात. इंजिन 1500 सीसीच्या वर असल्याने वर सक्तीचे 2000 रुपये माझेच. घसारा माफ करणारे जादा संरक्षण असते, पण माझ्या गाडीसारख्या वयस्कर गाड्यांना ते सहसा देत नाहीत. आणि क्लेम न केल्याबद्दल 20, 25, 35, 45 असा चढत 50 टक्क्यांवर पोचलेला नो क्लेम बोनस पुढच्या वर्षी शून्यावर.

आता गंमत ऐका. आपण ज्या खर्चाला घाबरून पळालात, तो आपल्याला भरायचाच नव्हता! रस्त्यावर गाडी आणायची तर थर्ड पार्टी विमा कायद्याने सक्तीचा आहे. खासगी गाडीच्या नेहमीच्या पॉलिसीत दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी साडेसात लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण असते. ते आपल्या बंपरसाठी नाही, माझ्या बंपरसाठी असते. त्याचा हप्ता आपण भरला असेल, असे मी सौजन्य म्हणून गृहीत धरतो. नसेल भरला, तर आपल्या घाईचा उलगडा होतो.

कायद्याचे कलम 134 तर आणखी रुक्ष आहे. अपघातात कुणी जखमी झाले नाही, नुसते दुसऱ्याच्या मालमत्तेचे नुकसान झाले, तरी पोलीस जागेवर नसल्यास चालकाने जवळच्या ठाण्यात लवकरात लवकर, फार तर 24 तासांत, कळवायचे असते. विमा कंपनीलाही लेखी कळवायचे असते. आपण मुहूर्त गाठायच्या गडबडीत होतात, म्हणून यातले काही जमले नसेल.

बंपर मोडण्यासाठीच असतो आणि गल्ल्या अरुंद आहेत. धक्का कुणाकडूनही लागेल, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती उतरून, पाहून, निघून जाण्याबद्दल. त्याला अपघात म्हणत नाहीत.

तरी विनंती इतकीच की, पुढच्या वेळी वायपरखाली एक चिठ्ठी ठेवा. नाव, फोन नंबर आणि पॉलिसी कुठल्या कंपनीची, एवढे पुरे. बाकीचे मी बघेन. आणि तो लोखंडी गार्ड आजच काढा.

कळावे.

आपला,
एक बंपरग्रस्त