ब्लॅकबुकवीर

एमबीए किंवा एमएमएसच्या शेवटच्या सेमिस्टरला पोचलेला मुलगा ओळखणं सोपं आहे. एरवी दिवाळीलाही फोन न करणारा हा भाचा अचानक मावशीच्या गुडघ्यांची चौकशी करतो आणि गुडघे संपले की म्हणतो, "मावशी, एक लिंक पाठवलीय गं. दोनच मिनिटं लागतील!"

स्वतंत्र संशोधन प्रकल्प, म्हणजे मुलांच्या भाषेत ब्लॅक बुक, करायला निघालेला हा वीर. विषय: 'ग्राहकांची अमूल बटरविषयीची पसंती, विशेष संदर्भ कोथरूड'. कोथरूडच का? तो तिथे राहतो म्हणून. जवळचीच माणसं गाठण्याला पुस्तकात 'कन्व्हिनियन्स सॅम्पलिंग' असं रीतसर नाव असल्याने आळसही शास्त्रीय ठरतो.

माणसं हवीत 100. सोसायटीच्या ग्रुपवर पाणी न आल्याची तक्रार आणि सापडलेल्या चावीचा फोटो यांच्या मधोमध त्याची लिंक येऊन पडते. रेन्सिस लायकर्टने 1932 साली मतं मोजायला जी पट्टी दिली, तिच्यावर मावशी सगळीकडे 'न्यूट्रल' टिक करते. उगाच कुणाचं मन कशाला दुखवा? दोन काका वयोगट 18 ते 25 निवडतात. गाडी 61 वर अडली की उरलेले 39 कोथरूडकर एका रात्रीत हॉस्टेलच्या खोलीत जन्माला येतात. त्या सगळ्यांना बटर अतिशय आवडतं.

एसपीएसएस हे आकडेमोडीचं सॉफ्टवेअर चालवणारा मित्र वर्गात एकच. तो फक्त विचारतो, "उत्तर काय यायला हवंय?" मग कार्ल पिअर्सनची 1900 सालची काय-स्क्वेअर चाचणी निमूटपणे चालते आणि 'काहीच संबंध नाही' म्हणणारं नल हायपोथिसिस फेटाळलं जातं. ते टिकलंय अशी ब्लॅक बुक शोधून सापडायची नाही.

गाइड सरांची भेट दोनदाच: विषय मंजूर करताना आणि सहीच्या वेळी. खरा गाइड झेरॉक्सवाला. बाइंडिंगसाठी डावीकडे किती जागा सोडायची, आधी सर्टिफिकेट की ऋणनिर्देश, हे त्याला तोंडपाठ. "याच विषयाची मागच्या वर्षीची फाइल आहे, देऊ का?" असंही तो मायेने विचारतो. यूजीसीच्या 2018 च्या नियमांत दुसऱ्याच्या मजकुराशी 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. त्यामुळे रात्रभर जागून 'कस्टमर'चा 'कंझ्युमर' केला जातो.

शेवटी शिफारस: 'कंपनीने जाहिरातीवर अधिक भर द्यावा.' अमूलची ती ठिपक्यांच्या फ्रॉकमधली मुलगी 1966 पासून होर्डिंगवर उभी आहे. पण वर बघायला याला वेळ मिळालेला नसतो. तसं 'मर्यादा' या प्रकरणात त्याने प्रामाणिकपणे लिहिलेलंही असतं: वेळेचा अभाव.

पण इतकं हसून झाल्यावर हिशेब नीट करू. ओळखीपाळखीच्या माणसांकडून फुकट काम करून घेणं, बाइंडरला उधारीवर पटवणं, ठरल्या तारखेला माल पोचवणं आणि व्हायव्हात चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता त्या मालाची भलामण करणं, यालाच तर मॅनेजमेंट म्हणतात. आणि हे त्याला कुठल्याही सरांनी शिकवलेलं नसतं. प्रकल्पातला एवढा भाग शंभर टक्के स्वतंत्र!

तेव्हा अशी लिंक आली तर भरून टाका. फक्त काका, वय तेवढं खरं लिहा.