फेरफारास सक्त मनाई

मुलुंड पूर्वेच्या आमच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेचे जीर्ण दफ्तर पायथन भाषेत उतरवून देण्याची कामगिरी कार्यकारी समितीने मजवर सोपविली, तेव्हा ट्यूपल, लिस्ट आणि डिक्शनरी यांतील निवड हा केवळ यंत्राचा प्रश्न असावा, अशी समितीची समजूत होती. वस्तुतः कोणत्या नोंदीत फेरफार करण्याचा अखत्यार कोणाकडे असावा, एवढाच तो प्रश्न आहे, आणि त्यावर आजवर एकाही गृहनिर्माण संस्थेत एकमत झाल्याचे ऐकिवात नाही.

वाहनतळाची प्रतीक्षायादी मी स्वाभाविकपणेच लिस्टमध्ये घातली. लिस्टमध्ये नवे नाव अखेरीस जोडता येते, जुने मधूनच गाळता येते, आणि चिटणीसांच्या जावयाचे नाव एका ओळीच्या हुकुमाने शून्य क्रमांकावर (पायथनची मोजदाद शून्यापासून सुरू होते) नेऊन बसविता येते. नेमकी हीच सोय खजिनदारांना खटकली. ‘यादी ट्यूपलात घाला,’ ते म्हणाले, ‘ब्रह्मदेव आला तरी नाव हलता कामा नये!’

ट्यूपलाचे ब्रीद तेच खरे. परंतु आपल्या उपनगरांत अढळपदाचा भरवसा कोणी द्यावा? घाटकोपरला मेट्रो पकडून अंधेरीमार्गे गोरेगावच्या कचेरीत जाणाऱ्या खजिनदारांना मी आठवण दिली, की अंधेरी, जोगेश्वरी, गोरेगाव हा क्रम पिढ्यान्पिढ्या तोंडपाठ होता, कोणाही शहाण्याने त्याचे ट्यूपलच केले असते, आणि २०१६च्या डिसेंबरात जोगेश्वरी नि गोरेगाव यांच्या मधोमध राम मंदिर स्थानक सुरू झाले. खजिनदार निरुत्तर झाले. राजी झाले नाहीत.

सभासदांच्या नोंदवहीला डिक्शनरी निर्वेध मंजूर झाली. लिस्टमध्ये ‘सी ७०४’ हुडकायचे तर यंत्र पहिल्या सदनिकेपासून दारे ठोठावीत निघते. डिक्शनरी किल्लीवरून हॅशचा आकडा काढून बहुधा थेट त्या खणापाशीच उभी राहते. मात्र विंग आणि क्रमांक मिळून होणारी ही किल्लीदेखील लिस्टचीच असावी, म्हणजे पुढेमागे बदलता येईल, असा चिटणीसांचा आग्रह पडला. पायथनने तो अर्ज तत्काळ फेटाळला, कारण किल्ली बदलली की हॅश बदलणार आणि दप्तरी असलेला सभासद दफ्तरालाच सापडेनासा होणार. किल्ली ट्यूपलाचीच ठरली. खजिनदारांनी त्या दिवशी सर्वांना चहा पाजला.

चहा पिता पिता चिटणीसांनी अत्यंत निरागसपणे विचारले, ‘ट्यूपलाच्या पोटात लिस्ट ठेवता येते का हो?’

येते. बाहेरचे ट्यूपल अभंग राहते आणि आतल्या लिस्टमध्ये हवी ती उलथापालथ करता येते. फक्त एकच वस्तू असल्यास तिच्यापुढे स्वल्पविराम द्यावा लागतो, एरवी कंस नुसताच कंस राहतो. मी तो स्वल्पविराम दिला. ‘प्रतीक्षायादी ट्यूपलात बंदिस्त करण्यात आली’ अशी नोंद इतिवृत्तात झाली. सूचक म्हणून खजिनदारांनी समाधानाने सही केली, आणि अनुमोदक होते चिटणीस.