नातीच्या हेजहॉगला काय न्यावं?

पाथर्डीत कुणाच्या घरी रिकाम्या हातानं जायची पद्धत नाही. शेजारच्या आळीत गेलं तरी लेकराच्या हातावर काहीतरी टेकवावं लागतं, मग मुलाकडे टेक्सासला जायचं म्हटल्यावर तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा फुटेस्तोवर भरणार हे ओघानंच आलं. अडचण वेगळीच असते. निघायच्या आधी व्हिडिओ कॉलवर नात सांगते, ‘आजी, मला काही नको. माझ्या हेजहॉगसाठी टॉय आण.’ फोन बंद होतो. आजोबा पेपरातून डोकं वर काढून विचारतात, ‘कुणासाठी?’ प्रस्तुत मार्गदर्शन अशा कुटुंबांकरिता आहे.

सर्वप्रथम लाभार्थी नीट ओळखून घ्यावा. हेजहॉग म्हणजे साळिंदर नव्हे. रात्री शेतात शिरून भुईमूग उकरणारं साळिंदर उंदराच्या कुळातलं, दहा-पंधरा किलोचं धूड. हेजहॉगचे नातेवाईक चिचुंद्र्या. अमेरिकेतल्या घरांत असतं ते आफ्रिकी बुटकं वाण: वीतभर लांब, तीनशे ते सहाशे ग्रॅम वजनाचं, डोळ्यांनी अधू, नाकाकानांनी तिखट, दिवसभर झोपणारं. घाबरलं की अंगाचा गोळा करून फुसफुसतं. किडे-अळ्या खातं. गुजरात-राजस्थानच्या कोरड्या माळांवर आपलेही देशी हेजहॉग आहेत, पण त्यांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. ‘सरावाला एक इथंच आणून ठेवू’ हा आजोबांचा विचार म्हणून तिथंच थांबवावा.

त्यानंतर मुलाचा पत्ता तपासावा. कॅलिफोर्निया, हवाई, जॉर्जिया, पेनसिल्व्हेनिया या राज्यांत आणि न्यूयॉर्क शहरात हेजहॉग पाळायला बंदी आहे. मुलगा तिथं राहत असेल आणि नात हेजहॉग दाखवत असेल, तर खेळण्याचा प्रश्न दुय्यम ठरतो. टेक्सासात चालतं. पुढचं सगळं टेक्सास गृहीत धरून लिहिलं आहे.

आजोबांसाठी एक वेगळी सूचना. मढीला कानिफनाथांच्या यात्रेत रंगपंचमीच्या सुमारास गाढवांचा बाजार भरतो. तिथं काठेवाडी गाढवं येतात, दात बघून वय ठरतं आणि वयावरून भाव. हे व्यवहार जन्मभर पाहिलेल्या माणसाला समोर आलेल्या कुठल्याही जनावराचा जबडा उघडायची खोड असते. हेजहॉगला छत्तीस दात असतात, हे इथंच सांगून ठेवतो. तपासणीची गरज नाही.

आता खरेदी. पाथर्डीकराचा खेळण्यांचा अनुभव जत्रेतला, त्यामुळे नवरात्रात मोहटादेवीच्या यात्रेतल्या दुकानांपासूनच सुरुवात करणं योग्य. पिपाणी घेऊ नये. हेजहॉगला बारीक, उंच आवाज आपल्यापेक्षा जास्त ऐकू येतात आणि एका पिपाणीत ते जे मिटतं ते तास-तासभर उलगडत नाही. पत्र्याची गाडी नको, कडा कापतात. दोरी ओढून फिरवायची भिंगरी दोरीमुळे बाद. पोळ्याचे मातीचे बैल दिसायला गोजिरे असले तरी परदेशातून माती आणायला अमेरिकेत मनाई आहे, आणि विमानतळावरच्या साहेबाला पोळा समजावून सांगण्यात पुढची फ्लाइट जाते. फुग्याबद्दल काय लिहावं? लाभार्थ्याच्या पाठीवर साधारण पाच हजार काटे आहेत.

खुळखुळा विचारात घेण्यासारखा आहे. हेजहॉगला नाकानं वस्तू ढकलत न्यायला आवडतं, आणि ढकलल्यावर ती वाजली तर अधिकच. मात्र खुळखुळा अखंड हवा. जाळीचा किंवा फटी असलेला घेतला तर फटीत बोट अडकतं. मुठीला रंगीत फीत बांधलेली असेल तर ती दुकानातच सोडवून दुकानदाराला परत द्यावी. चेंडू घ्यायचा तर हलका, कठीण, डोक्याहून मोठा. मऊ रबराचा नको, त्याचे तुकडे तोडून ते गिळतं. लुईस कॅरलच्या ‘ॲलिस’मध्ये (१८६५) राणीच्या क्रोकेच्या डावात जिवंत हेजहॉगच चेंडू म्हणून वापरलेले आहेत. नातीनं ते पुस्तक वाचलेलं असतं. आजोबांना त्याबद्दल सांगू नये.

कुठलंही खेळणं घेताना उलटं करून आयएसआयचा शिक्का पाहावा. १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या खेळण्यांना तो सक्तीचा आहे. नियम चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना लागू आहे. पाळीव हेजहॉग चार ते सहा वर्षं जगतं, तेव्हा वयाची अट ते जन्मभर पूर्ण करतं. जत्रेत हातगाडीवाल्याला शिक्का दाखव म्हटलं तर तो तुमच्याकडे ज्या नजरेनं बघेल, तिची तयारी ठेवावी.

एवढं सगळं सांगितलं, तरी माझं स्वच्छ मत असं, की सर्वांत उत्तम खेळणं जत्रेत नाहीच. ते तुमच्या विहिरीच्या कट्ट्यामागं, मोटार बसवताना उरलेल्या सामानात पडलं आहे. पीव्हीसी पाईपचा हातभर तुकडा. हेजहॉगला बोगदा प्राणप्रिय, आणि चार इंची पाईप त्याच्या अंगाला बरोबर बसतो. अडीच इंची नेऊ नये. ‘बारीक आहे जनावर, मावंल की’ असं म्हणून नेऊ नये. त्यात ते जातं पुढं, पण काटे मागं झुकलेले असल्यामुळे माघार घेता येत नाही. याला पुरावा आहे. ब्रिटनमध्ये लोकांनी टाकून दिलेल्या मॅकफ्लरी आइस्क्रीमच्या पेल्यांत रानातले हेजहॉग उरलेलं चाटायला डोकं घालत आणि झाकणात अडकून मरत. तिथल्या हेजहॉग संरक्षण संस्थेनं बरीच वर्षं पाठपुरावा केला, तेव्हा कुठं २००६ साली मॅकडोनाल्डनं झाकणाचं भोक लहान केलं. एवढ्या मोठ्या कंपनीला व्यासाचा हिशेब चुकल्याचं मान्य करावं लागलं, तर आपण अडीच इंचावर अडून बसू नये.

पाईपची कापलेली कड कानशीनं घासावी, मग पॉलिश पेपर मारावा, आणि बोट फिरवून पाहावं. बोट आजीचं असावं; आजोबांच्या बोटाला काही लागत नाही. रिकामा पाईप बॅगेत नेणं पाथर्डीच्या हिशेबात बसत नाही. त्यात कुरडया भरून दोन्ही तोंडांना फडकं बांधावं आणि विमानतळावर खाऊ आहे असं आपणहून सांगावं. पोचल्यावर मात्र पाईप गरम पाण्यानं धुवायचा. हेजहॉगला अनोळखी वास आला की ते ती वस्तू चाटतं, चावतं, तोंडात फेस आणतं आणि मान वळवून तो फेस जिभेनं स्वतःच्या काट्यांना फासतं. ही त्याची जातीची सवय आहे, रोग नव्हे. पण हिंग-जिऱ्याच्या वासाचा पाईप पुढ्यात आला, तर पहिल्याच रात्री सुनेला जनावर फेसानं माखलेलं दिसेल आणि त्याचं खापर कुठं फुटेल हे सांगायला नको.

आता नाजूक विषय. गोधडी.

निघायच्या महिनाभर आधी आजी जुनी लुगडी काढतात. पाळण्यातल्या लेकराला जशी चौघडी, तशी या मुक्या जिवाला एक छोटी गोधडी, हा विचार मनाला भिडणारा आहे आणि तो पूर्णपणे चुकीचा आहे. गोधडी धावदोऱ्यावर उभी असते. हातभर तुकड्यातही शेकडो टाके, आणि प्रत्येक टाका म्हणजे हेजहॉगच्या नखाला एक फासा. सुटलेला दोरा पायाच्या बोटाला गुंडाळला जातो, काट्यांखाली तो कुणाला दिसत नाही, बोट सुजतं, रक्त थांबतं आणि कधी कधी बोट काढावं लागतं. जुन्या लुगड्याचं सूत तर धुण्यागणिक सुटत जातं. त्याच कारणानं विणलेली बाहुली आणि क्रोशाचा चेंडूही बाद.

आजी हे ऐकून घेत नाहीत. ‘माझ्या गोधड्यांत सात पोरं वाढली, एकाचं बोट तुटलं नाही,’ हा युक्तिवाद निरुत्तर करणारा आहे. तरीही मधला मार्ग निघतो. ब्लँकेटचं जे मऊ, लोकरीसारखं कापड येतं, ते कापलं तरी त्याचे धागे निघत नाहीत. त्याची दोन पदरी पिशवी शिवावी, फूटभर लांब, फूटभर रुंद. टीप मशीनवर बारीक मारावी आणि शिवण दोन्ही पदरांच्या मध्ये लपेल अशी पिशवी उलटवावी. हेजहॉगला अशा पिशवीत शिरून झोपायला फार आवडतं, गोधडीपेक्षा जास्त. फक्त हे वाक्य आजींसमोर उच्चारू नये. कोपऱ्याला पोळ्याच्या बैलासारखा एखादा गोंडा? नाही. आरसा? नाही. नातीचं नाव रेशमानं भरलं तर? तेही नाही, नाव भरलेला रुमाल नातीला द्यावा. आणि पिशवी पेटीत ठेवताना डांबरगोळी टाकू नये. आपल्याला ती झुरळांसाठी वाटते, पण तिची वाफ या जनावराला विषारी आहे.

फिरतं चाक मात्र इथून नेऊ नये. ते तिथं असतंच. रानातलं हेजहॉग किड्यांच्या शोधात रात्री बरंच अंतर तुडवतं, घरातलं तेवढीच पायपीट चाकावर करतं. चाकाचा पृष्ठभाग सलग हवा, तारांचा नको, आणि व्यास फूटभर. अमेरिकेतले हौशी लोक प्लास्टिकच्या बादलीपासून ते बनवतात. हे कळताच आजोबांना रंगाच्या रिकाम्या बादल्या आठवतात. त्यांना पाईपच घासत बसू द्यावं.

खाऊ हेच खेळणं, असा एक पोक्त विचार आपल्याकडे आहे. तो इथं आवरावा. शेंगदाणा देऊ नये, टाळूला चिकटून बसतो. दूध देऊ नये, पचत नाही. ‘वाटीभर दूध पाजलं म्हणून काय झालं’ याचं उत्तर दुसऱ्या दिवशी पिंजऱ्यातच मिळतं. आणि कितीही माया दाटून आली तरी मुका घेऊ नये. साल्मोनेलाच्या साथीमुळे २०१९ साली अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेनं हेजहॉगचे मुके घेऊ नका, त्याला कवटाळू नका असं लेखी बजावलं होतं. जगातलं एक बलाढ्य सरकार ज्या विषयावर पत्रक काढतं, तो विषय क्षुल्लक नसणार. हात लावून झाला की साबणानं धुवावा.

खेळणं देण्याची वेळ मुलाला विचारत बसू नये. टेक्सासचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेदहा-साडेअकरा तास मागं असल्यामुळे पहिला आठवडाभर तुम्ही रात्री दोनला टक्क जागे असणार. घरात त्या वेळी जागा असणारा दुसरा जीव तोच. मोठा दिवा लावू नका, मोठ्यानं बोलू नका, पाईप पिंजऱ्यात आडवा ठेवा आणि बाजूला बसा. फुसफुसलं तर हात मागं घ्या. पाईपमध्ये शिरलं नाही तर मागून ढकलू नका. पाईपच्या पलीकडच्या तोंडाशी एक अळी ठेवा, वासानं जाईल. अळ्या सुनेच्या फ्रीजमध्ये असतात. डबा दह्याच्या डब्यासारखाच दिसतो आणि बहुधा त्याच्याच शेजारी असतो, तेव्हा चष्मा लावून जा. आजोबांना मध्येच भूक लागली तर त्यांना एकट्याला फ्रीज उघडू देऊ नका.